सहा फाशी, मग तीन, पुन्हा सहा आणि शेवटी एकही नाही: नाशिकच्या एका हत्याकांडाचं अपील

5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पैसे घेतले, दागिने काढून घेतले, आणि एवढं हाती लागल्यावरही दरोडेखोर गेले नाहीत. पाच जणांचे मुडदे पडले. त्यांत घरचा कर्ता पुरुष होता, पंधरा वर्षांची मुलगीही होती. घरातल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. आई आणि एक मुलगा तेवढे जखमी अवस्थेत वाचले. पुढचा सगळा खटला या दोघांच्या साक्षीवर उभा राहिला.

या लेखात पीडितांची नावं नाहीत. कायद्यानेही ती देता येत नाहीत. आरोपींचीही देत नाही, कारण ते आज कायद्याच्या नजरेत निर्दोष आहेत. प्रकरण समजून घ्यायला नावांची गरजही नाही. तारखा आणि त्या-त्या कोर्टाने काय केलं एवढं पुरेसं आहे.

पोलिसांनी भटक्या जमातीतल्या, मोलमजुरी करून पोट भरणाऱ्या सहा जणांना आरोपी केलं. नाशिकच्या सेशन्स कोर्टाने 12 जून 2006 रोजी सहाही जणांना फाशी सुनावली. 22 मार्च 2007 रोजी मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. आरोपी सुप्रीम कोर्टात गेले. ज्यांची फाशी टळली होती त्यांच्याविरुद्ध राज्य सरकारही गेलं. 30 एप्रिल 2009 रोजी न्या. अरिजित पसायत आणि न्या. मुकुंदकम शर्मा यांच्या खंडपीठाने आरोपींची अपिलं फेटाळली, सरकारचं अपील मंजूर केलं आणि सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. जवळपास दहा वर्षांनी, 5 मार्च 2019 रोजी, त्याच सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडलं.

या सगळ्या काळात नवा साक्षीदार आला नव्हता, खरा गुन्हेगार पुढे येऊन कबुलीही देऊन गेला नव्हता. कागद तेच होते. मग एवढा फरक पडला कसा, हे बघायचं तर ज्या कागदापाशी 2019 चं खंडपीठ थांबलं त्या कागदापासूनच सुरुवात करायला हवी.

7 जूनचा कागद

घटनेनंतर दोनच दिवसांनी जखमी आईला पोलिसांच्या रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचा फोटो-अल्बम दाखवण्यात आला. तिने त्यातले चार फोटो ओळखले, हल्ला करणाऱ्यांत हे होते म्हणून. ही ओळख दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवली गेली. ते चौघे या सहा आरोपींपैकी नव्हते.

अल्बममधल्या माणसांची नावं-गावं पोलिसांकडे असतात, अल्बम असतो तो त्यासाठीच. ज्या बाईने नवरा आणि मुलं डोळ्यांदेखत गमावली, ती अठ्ठेचाळीस तासांच्या आसपास चार चेहऱ्यांवर बोट ठेवते. तपास म्हणून यापेक्षा मोठा धागा कुठला? त्या चौघांना उचलायला हवं होतं, त्या रात्री ते कुठे होते हे तपासायला हवं होतं. त्यांचा संबंध नाही असं निघालं असतं तर तसं कागदावर यायला हवं होतं. यातलं काही झालं नाही. चौघांवर खटला भरला गेला नाही आणि का भरला नाही याचा पटणारा खुलासा सरकारी पक्षाला सुप्रीम कोर्टातही करता आला नाही.

पुढे वेगळेच सहा जण आरोपी झाले. ओळखपरेड झाली, साक्षी झाल्या, आणि त्याच आईने कोर्टात या सहा जणांकडे बोट दाखवलं.

आई खोटं बोलली, असं मी म्हणणार नाही. अशा रात्रीतून वाचलेल्या माणसाला, मधे इतका काळ गेल्यावर, पोलिसांनी पकडून आणलेले चेहरे आरोपीच्या पिंजऱ्यात दिसतात. तेच हे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटू शकतं. म्हणून तर कायदा कोर्टातल्या पहिल्या-वहिल्या ओळखीवर सहसा विसंबत नाही आणि आधी ओळखपरेड घ्यायला सांगतो. परेड हा स्वतंत्र पुरावा नसतो. कोर्टातल्या ओळखीला ती आधार देते, इतकंच. तो आधार किती भक्कम, हे परेड किती लवकर झाली आणि साक्षीदाराने त्याआधी कुणाला ओळखलं होतं यावर ठरतं. इथे आधी दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. कोर्टातल्या नंतरच्या ओळखीचं वजन तिथेच संपतं, निदान शंका तरी उरतेच, आणि फौजदारी खटल्यात शंकेचा फायदा आरोपीचा असतो.

2019 च्या खंडपीठात न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा होते. वाचलेल्या दोघांच्या जबाबांत आणि कोर्टातल्या साक्षींत विसंगती आहेत, आधी नसलेल्या गोष्टी नंतर आल्या आहेत, हे त्यांनी दाखवलं. अशा साक्षींवर, आणि तीही या पार्श्वभूमीवर, दोषसिद्धी टिकत नाही म्हणून आरोपी सुटले.

अशा निकालानंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं: तांत्रिक मुद्द्यावर सुटले. हे वाक्य मला फार लागतं, कारण इथे ते सपशेल चूक आहे. पंचनाम्यावर सही करायची राहून गेली किंवा मुद्देमालाचं सील तुटलं, असल्या कारणाने हे सुटले नाहीत. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराने दुसरी माणसं दाखवली होती, म्हणून सुटले. मारलं कुणी, हा खुनाच्या खटल्यातला पहिला प्रश्न आहे. त्याला तांत्रिक म्हणायचं असेल तर मग खटल्यात उरतं काय?

तीन कोर्टं, एक दडपण

हा कागद आधीच्या तीन पायऱ्यांवर निर्णायक का ठरला नाही?

फाशीची शिक्षा ही सेशन्स कोर्टाने दिली म्हणून लागू होत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 366 प्रमाणे (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 407) ती हायकोर्टाकडे कायम करण्यासाठी पाठवावीच लागते. आरोपीने अपील केलं नाही तरी हायकोर्टाला सगळा पुरावा पहिल्यापासून स्वतः तोलायचा असतो. गरज पडली तर वाढीव पुरावा घेता येतो, फेरचौकशीचा आदेश देता येतो. खालच्या कोर्टाचा निष्कर्ष पुढे धरून फक्त शिक्षेवर विचार करायचा, असं हे काम नाही. कायद्याने दुहेरी चाळणी मुद्दाम लावली आहे.

प्रत्यक्षात मात्र कुटुंबाच्या हत्याकांडात गुन्ह्याचं क्रौर्य आधी डोळ्यांसमोर येतं. शवविच्छेदनाचे अहवाल, जखमांची यादी, मुलीचं वय. ते वाचताना कुणाचंही मन स्थिर राहत नाही, न्यायाधीशाचंही नाही, आणि राहावं अशी अपेक्षाही करू नये. पण त्या संतापाच्या भरात “हे किती भयंकर आहे” याचं उत्तर “हे यांनीच केलं का” या प्रश्नावर चिकटवलं जातं. या प्रकरणात नेमकं हेच घडलं असं माझं मत आहे. 2007 आणि 2009 या दोन्ही टप्प्यांवर अपिलाचा निकाल फिरला तो शिक्षेवर, कुणाला फाशी आणि कुणाला जन्मठेप यावर. आरोपी हेच आहेत, हे जणू आधीच ठरून गेलं होतं.

हायकोर्टाने तिघांना फाशीतून काढलं, ते शिक्षेपुरतं. गुन्हा सहाही जणांचा, हे तसंच राहिलं. म्हणून हायकोर्टाचा निकाल आरोपींच्या बाजूने अर्धा झुकला असं मला वाटत नाही. मूळ प्रश्नाला त्यानेही हात घातला नव्हता.

2009 च्या निकालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती कायद्याच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावी. फाशी देताना त्या निकालाने सुप्रीम कोर्टाच्याच 1995 च्या रावजी प्रकरणाचा आधार घेतला. राजस्थानातलं तेही कुटुंबाच्याच हत्येचं प्रकरण. त्यात म्हटलं होतं की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप आणि गांभीर्य महत्त्वाचं, गुन्हेगार नव्हे. पण 1980 मध्ये बचनसिंग प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने याच्या उलट सांगून ठेवलं होतं: गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही बघा, त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता बघा. जन्मठेप हा नियम आहे, फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, आणि तीही दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झाल्यावरच. लहान पीठाला घटनापीठाचा निकाल बाजूला सारता येत नाही.

13 मे 2009 रोजी, म्हणजे नाशिक प्रकरणाच्या निकालानंतर तेराच दिवसांनी, सुप्रीम कोर्टानेच संतोष बरियार प्रकरणात सांगितलं की रावजीचा निकाल बचनसिंगकडे दुर्लक्ष करून दिला गेला होता. त्या आधारावर दिलेल्या फाशी चुकीच्या कायद्यावर उभ्या आहेत, असा त्याचा अर्थ. तेरा दिवसांपूर्वी सहा माणसं त्याच आधारावर फासाच्या वाटेला लागली होती. रावजी प्रकरणातल्या आरोपीला तर 1996 मध्येच फाशी होऊन गेली होती. ती चूक आता कुणालाही दुरुस्त करता येणार नव्हती.

2012 मध्ये देशातल्या चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना विनंती केली की या चुकीच्या आधारावर फाशी झालेल्यांची शिक्षा कमी करावी. त्यात नाशिक प्रकरणातले हे सहा जणही होते. एवढ्या ज्येष्ठांनी उघडपणे बोलणं ही साधी गोष्ट नव्हती, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरीही त्या विनंतीचा रोखसुद्धा शिक्षेवरच होता. ती मान्य झाली असती, तर सहा निरपराध माणसं जन्मठेप भोगत राहिली असती, आणि आपण सगळ्यांनी न्याय झाला म्हणून सुटकेचा श्वास सोडला असता.

शिवाय सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे नंतरच्या चौकशीत निष्पन्न झालं. अल्पवयीनाला फाशी देताच येत नाही. सेशन्स कोर्टाने आणि 2009 च्या निकालाने ती त्यालाही दिली होती. वय हा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यावरसुद्धा, उपस्थित करता येतो. पण तो उपस्थित करणारं कुणीतरी हवं. शाळेचा दाखला, जन्माची नोंद शोधणारा वकील हवा. आज इथे तर उद्या तिथे पाल ठोकणाऱ्या घरातल्या मुलाचा जन्माचा दाखला कुणाच्या कपाटात असणार?

दार पुन्हा कसं उघडलं

सुप्रीम कोर्टात अपील फेटाळलं गेल्यावर पुनर्विचार याचिका उरते. पूर्वी ती न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाचं म्हणणं न ऐकता, कागदावरून निकाली निघायची. फाशीच्या प्रकरणातही हेच व्हायचं. 2 सप्टेंबर 2014 रोजी मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणात पुनर्विचार याचिका खुल्या कोर्टात, तीन न्यायमूर्तींसमोर, तोंडी युक्तिवादासह ऐकली जाईल. वरवर पाहता हा कामकाजाचा नियम. पण माणूस उभा राहून “कृपा करून पान अमुक बघा” असं म्हणू शकला की काय होतं, ते या प्रकरणात दिसलं.

31 ऑक्टोबर 2018 रोजी पुनर्विचार याचिकांवर सुप्रीम कोर्टाने 2009 चा आपलाच निकाल मागे घेतला आणि अपिलं पुन्हा सुनावणीसाठी घेतली. त्यानंतर चारेक महिन्यांत सहाही जण निर्दोष ठरले. फाशीऐवजी जन्मठेप द्या, अशी तडजोड खंडपीठाने केली नाही. हे मला या निकालातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुराव्याबद्दल शंका असली की फाशी काढून जन्मठेप द्यायची, हा मधला मार्ग कोर्टांना मोहात पाडतो. पण शंका जर गुन्हा कुणी केला याबद्दलची असेल, तर तिचा निकाल शिक्षा कमी करून लागत नाही. एक दिवसाची कैदही तिथे अन्यायच.

जमाखर्च

सहा जण सोळा वर्षांच्या आसपास तुरुंगात होते. ऐन पंचविशी-तिशीतली वर्षं. त्यातली बरीचशी फाशीच्या टांगत्या तलवारीखाली. खंडपीठाने त्यांच्या गरिबीची, गेलेल्या वर्षांची दखल घेतली आणि प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत असा आदेश महाराष्ट्र सरकारला दिला. रक्कम पुनर्वसनासाठी नीट वापरली जाईल याची जबाबदारी नाशिकच्या कोर्टावर टाकली.

5 लाखांना सोळा वर्षांनी भागलं तर वर्षाला 31,250 रुपये होतात, महिन्याला 2,600 च्या आसपास. कोर्टाने दिले, हे मोठंच. कारण असा कायदाच नाही, ज्याखाली ते हक्काने मागता आले असते. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांना बळी पडलेल्यांसाठी भरपाईचा कायदा करावा अशी शिफारस केली होती. 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती उतरलेली नाही.

हे सहा जण अपवाद होते असं मानून स्वस्थ बसायचं असेल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा 2016 चा अभ्यास आडवा येतो. 2000 ते 2015 या काळात खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी अपिलाच्या सगळ्या पायऱ्या ओलांडून टिकल्या त्या फक्त 5 टक्क्यांच्या आसपास, आणि जवळपास 30 टक्के आरोपी निर्दोष सुटले. फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. जमिनीचा तुकडा विकून मुंबईचा वकील लावणं त्यातल्या कितीजणांना परवडणार? विधी सेवेतून मिळालेला वकील चांगलाही असतो, पण शेकडो पानांच्या पेपरबुकातून, म्हणजे अपिलासाठी बांधलेल्या खटल्याच्या कागदांच्या गठ्ठ्यातून, 7 जूनचा एक कागद उचलून त्याभोवती अपील बांधायचं तर वेळ लागतो, आरोपीशी त्याच्या भाषेत तासन् तास बोलावं लागतं. ते परवडेल एवढा मोबदला आणि एवढी सवड त्या वकिलाला मिळायला हवी.

फाशीच्या अपिलावर काम करणाऱ्या तरुण वकिलांना म्हणूनच आवर्जून सांगावंसं वाटतं: पेपरबुक हातात आलं की सेशन्स कोर्टाचं निकालपत्र आधी वाचू नका. ते वाचलं की गोष्ट तयार मिळते आणि मग प्रत्येक कागद त्या गोष्टीत बसवला जातो. फिर्याद वाचा, मग पहिल्या आठवड्यातले जबाब तारखेच्या क्रमाने लावा. आरोपीचं नाव पहिल्यांदा कुठल्या कागदावर, कुणाच्या तोंडून आलं, ते शोधा. त्याआधी दुसऱ्या कुणाचं नाव आलं होतं का, आणि ते गळलं कसं? शिक्षेच्या युक्तिवादाची तयारी हवीच, वय, घरची परिस्थिती, तुरुंगातलं वागणं, सगळं हवं. पण त्याला हात घालायचा तो या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर.

2019 च्या निकालाने सरकारला आणखी दोन आदेश दिले. एक, आईने अल्बममधून ओळखलेल्या त्या चौघांबाबत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173(8) खाली पुढचा तपास करावा. दुसरा, तपास आणि खटला अशा रीतीने फसायला जबाबदार असलेले अधिकारी शोधून, ते सेवेत असतील तर त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करावी. दुसऱ्या आदेशाची बातम्यांत चर्चा झाली. मला पहिला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण सहा जण सुटले तेव्हा, पाच माणसं मारली गेलेल्या त्या घराची फाइल सोळा वर्षं मागे, थेट 7 जून 2003 पर्यंत गेली होती. साक्षीदार थकलेले, माग थंडावलेला. जी बाई दोन दिवसांत चार चेहरे दाखवून मोकळी झाली होती, तिच्या वाट्याला आपल्या मुलांच्या मारेकऱ्यांचा शोध नव्याने सुरू करा, एवढा एक आदेश आला.